चिरलेल्या फळीची टोळी

मित्रांनो, मी एक जुनी बाभळीची फळी आहे. माझी एक कड चिरलेली आहे, पण त्या चिरेची मला लाज वाटत नाही.

वडवणीच्या सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केले, तेव्हा मला रूपाचा फार तोरा होता. मुकादम उत्तरेश्वर मला ऊसतोडीला घेऊन गेले. ट्रकला मला तिरपे टेकवायचे आणि डोक्यावर उसाची मोळी घेऊन माणसांनी माझ्यावरून चढायचे. एका सकाळी दवाने मी ओली होते. टोळीतल्या कौशल्याबाई घसरल्या आणि त्यांचा गुडघा सुजला.

फडात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. बायकोला चढता येईना, तर अर्धा कोयता कोण ठेवणार? दोघांनाही घरी परतावे लागले असते.

टोळी गावोगावची, हंगामापुरती. "हंगाम सरला की तुमी कुठं, आमी कुठं. कशाला डोकं शिणवायचं?" असे टोळीतला अभिमन्यू नेहमी म्हणे. पण त्याची बायको सुनिता म्हणाली, "फळीवर आडव्या लाकडी पट्ट्या ठोकल्या तर पाय ठरंल."

सगळे हसले. मुकादम म्हणाले, "ठोक. फळी गेली तर माझी जाईल."

खिळ्याने माझी कड चिरली. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? त्यात पहिल्यांदा चढतानाच सुनिताची चप्पल पट्टीत अडकली आणि ती मोळीसकट खाली आली.

"लई शानी," अभिमन्यू म्हणाला.

मुकादमांनी तिला उठवले. "कुठं अडकलं, ते सांग."

त्या विचारण्याने कौशल्याबाईंनाही धीर आला. "लाकूड उंच हुतंय. टायरच्या पट्ट्या ठोका, जवळजवळ."

जुना टायर अभिमन्यूनेच शोधून आणला. दोन दिवसांत गुडघ्याची सूज थोडी ओसरताच कौशल्याबाई माझ्यावरून चढल्या आणि पाय न घसरता उतरल्या. त्यांचा कोयता राहिला.

हंगाम संपून टोळी उठताना फळी फोडून शेवटच्या स्वयंपाकाला जाळायची, अशी आमच्याकडची रीत. अभिमन्यूने कुऱ्हाड घेतली, तशा कौशल्याबाई माझ्यावरच बसल्या. "हिला न्हाई जाळायची. दुसरं लाकूड बघ."

यंदा टोळीत निम्मी माणसे नवी आहेत. मुकादमांनी मला सगळ्यांपुढे ठेवले. "हिच्यात अजून काय कमी हाय, सांगा. चुकलं तर फळी माझी."

मग नव्याने आलेल्या मंजुळाबाई हळूच म्हणाल्या, "एक सांगू का?"

मित्रांनो, चार दिवसांच्या सोबतीतही कुणी असे विचारले, तर हसू नका. आधी ऐकून घ्या. मी तर पुन्हा खिळे खायला तयार आहे.