साखळीसह मोकाट

यमुताईंनी पेनाचं टोपण काढलं आणि कागदाच्या तळाशी, पेन्सिलीने फुली मारली होती तिथे, सही केली. सहीच्या वरचं सगळं पान कोरं होतं. डोक्यावर ‘पंचनामा’ हा छापील शब्द तेवढा होता.

“वरचं मी ऑफिसात भरतो, काकू,” कुत्री पकडणाऱ्या सरकारी पथकाचा दुर्गेश म्हणाला. “इथं उभ्यानं अक्षर बरोबर येत नाई.”

यमुताईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. एकतीस वर्षं त्या तहसिलीत कारकून होत्या. गारपिटीचे, पुराचे, जळालेल्या कडब्याचे पंचनामे त्यांच्या टेबलावर आधी सहीने आणि मग मजकुराने भरत आले होते. पंच एकदा शेतावरून घरी गेला की पुन्हा सापडत नाही. मजकूर कुठे जात नाही. म्हणून जे पळण्यासारखं आहे ते आधी धरून ठेवायचं, अशी रीत होती. आधी वाचायला मागणाऱ्याला तहसिलीत भांडखोर म्हणत.

पळण्यासारखी दुसरी गोष्ट समोर गार्डनाच्या हिरवळीवर पळत होती. ती म्हणजे सीझर, प्लॉटांचा धंदा करणाऱ्या भैयाजींचा जर्मन शेफर्ड. पथकाची दोन माणसं जाळं घेऊन त्याच्या मागे होती आणि सीझरला हा खेळ मनापासून आवडला होता. माणसं फार मागे पडली की तो थांबून त्यांची वाट बघे.

भैयाजी फाटकाजवळच्या बाकावर दुधीचा रस पीत बसले होते.

“पकडा नं भाऊ. मी कुठं नाई म्हणून राहिलो?”

“तुमचाच हाये नं तो?” दुर्गेशने विचारलं.

“माहा काहून? गळ्यात पट्टा हाये? बिल्ला हाये? माह्या घरी जेवते म्हणून माहा होते का? माह्या घरी तर साळाही जेवते.”

दुर्गेशने यावर थोडा विचार केला. मग यमुताईंकडे वळून, मुलाला गणित समजवावं तसं तो म्हणाला, “बिल्ला नाई म्हणजे मालक नाई, काकू. मालक नाई म्हणजे ते भटकं. अन भटकं असंन तर ते आमच्याकडं येत नाई. त्याचं खातं वेगळं हाये.”

“मंग तुम्ही कोणते पकडता?”

“पाळीव.”

साडेसात झाले होते. दुखऱ्या गुडघ्याला बसून बसून थंडी लागली होती. सही तर झालीच आहे, उरलेलं सरकारी काम, असा विचार करून यमुताई घरी गेल्या.

हा गुडघा ऑगस्टपासूनचा. सीझर एका प्लास्टिकच्या बाटलीमागे धावत आला आणि वाटेत यमुताई होत्या. त्याचा काही राग नव्हता. बाटली त्यांच्या पलीकडे होती एवढंच. हाड जुळलं, पण डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास सपाट जागेवर चाला. नाही चाललात तर तो आखडेल, मग वॉकर, मग खुर्ची. शहराच्या कडेच्या बेसा भागात सपाट जागा शोधणं सोपं नव्हतं. रस्त्याला फूटपाथ होता, पण त्यावर रेती, गिट्टी आणि मोटारी यांनी आधीच नंबर लावला होता. राहता राहिलं ले-आउटचं, म्हणजे त्यांच्या वसाहतीचं, गार्डन आणि त्याला फेरी घालणारी दोनशे मीटरची फरशी.

आणि राहिले गणपतराव.

गणपतराव पोस्टातून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर तिचा अकरा वर्षांचा कुत्रा तेवढा त्यांच्याकडे राहिला. नाव भुऱ्या. एका डोळ्यात मोतीबिंदू, चाल पेन्शनरची. गळ्यात पट्टा, पट्ट्याला परवान्याचा बिल्ला, त्याला साखळी. फाटकावरची ‘साखळीशिवाय कुत्र्यांस प्रवेश नाही’ ही पाटी संपूर्ण गार्डनात एकट्या गणपतरावांनीच वाचली होती. रोज सकाळी भुऱ्या यमुताईंच्या डाव्या हाताला चाले आणि गणपतराव भुऱ्याच्या डाव्या हाताला. सासष्ट वर्षांची एकटी बाई आणि सत्तरीचा एकटा माणूस रोज तीन फेऱ्या सोबत मारतात यावर ले-आउटमध्ये कोणी काही बोललं नव्हतं. मधे कुत्रा होता, त्यामुळे त्या चालण्याला कारण होतं. कोणी विचारलंच तर गणपतराव कुत्रा फिरवत होते आणि यमुताई गुडघा.

दोघं बोलत ते भाजीचं, नव्या नळाचं, पोस्टात एकदा सापडलेल्या जिवंत कासवाच्या पार्सलचं. तिसऱ्या फेरीत यमुताईंचा पाय ओढला जाऊ लागला की गणपतराव न सांगता हळू होत आणि दोष भुऱ्याला देत. “थकला बापा हा.”

तक्रार करायचा आग्रह त्यांचाच होता. अर्जही त्यांनीच लिहिला, पत्त्यावर पिनकोड टाकावा तसा एकेक शब्द सुटा करून. ‘मोकाट श्वानांमुळे ज्येष्ठ नागरिकांस चालणे अशक्य.’ यमुताईंनी खाली सही केली. तो अर्ज मात्र त्यांनी वाचला होता.

पंचनाम्याच्या दिवशी दुपारी साडेतीन वाजता यमुताईंच्या मोबाईलवर संदेश आला. ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ त्यांनी तो दोनदा वाचला आणि संध्याकाळसाठी तांदूळ निवडायला घेतले.

चार वाजता गणपतराव दारात उभे होते. एवढ्या महिन्यांत ते कधी घरी आले नव्हते. आजही उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. हातात एक झेरॉक्स होती. कुत्रा नव्हता.

“बसा नं,” यमुताई म्हणाल्या.

“नाई. हे वाचा म्हटलं तुम्ही. खाली तुमची सही हाये.”

यमुताईंनी चष्मा लावला. अक्षर खरोखरच चांगलं आलं होतं. ‘सदर मोकाट कुत्रा फिर्यादीच्या अंगावर धावून आला व त्याने फिर्यादीस खाली पाडून जखमी केले. रंग भुरा, वय अंदाजे अकरा वर्षे, एक डोळा अधू. जप्त मुद्देमाल: कुत्रा एक, साखळी एक.’

“मोकाट अन साखळी?” त्या म्हणाल्या.

“मीही तेच इचारलं. तर म्हणते, साखळी जप्त केली म्हणून लिवा लागते.”

गणपतराव त्या दिवशी उशिरा, आठ वाजता गार्डनात पोचले होते. तोवर जाळेवाले दमून फरशीवर बसले होते. गाडी आली होती, तीन माणसं आली होती, कारवाई दाखवायची होती आणि सही झालेला पंचनामा तयार होता. नेमका त्याच वेळी फाटकातून बिल्ला असलेला, मालक असलेला, पळू न शकणारा एक कुत्रा आत आला.

“विरोध नाई केला त्यानं?” यमुताईंनी विचारलं.

“स्वतःच चढला गाडीत. दवाखान्यात चाललो वाटलं असंन त्याले.”

तांदळाचं ताट यमुताईंच्या हातातच होतं.

“मी कोऱ्यावर सही केली,” त्या म्हणाल्या.

“हो,” गणपतराव म्हणाले. “सगळेच करते.”

तिसऱ्या दिवशी दोघं ऑटोने पथकाच्या ऑफिसात गेले. ऑटोत मधे कोणी नसल्यामुळे यमुताईंनी आपली पिशवी मधे ठेवली. दुर्गेशने उठून त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. माणूस वाईट नव्हता.

“हा कुत्रा तो नोहे,” यमुताई म्हणाल्या.

“मंग कोणता?”

“भैयाजीचा. तुमच्यासमोर पळत होता.”

“त्याचा बिल्ला नंबर सांगा.”

“बिल्ला नाई त्याले.”

“मंग रकाना कोरा राहते, काकू. कोरा रकाना सिस्टम घेत नाई.”

“पूर्ण पान कोरं होतं, ते चाललं तुम्हाले?”

“ते कागद होतं,” दुर्गेश समजुतीने म्हणाला. “हे सिस्टम हाये.”

तहसिलीतल्या एकतीस वर्षांत यमुताईंनी लोकांना अशी किती उत्तरं दिली असतील, याचा त्यांना आता अंदाज आला. उत्तर बरोबर होतं.

मार्ग एकच होता. तक्रार गैरसमजातून झाली, तिच्यात तथ्य नाही, असं फिर्यादीने लिहून द्यायचं. मग कुत्रा सुटेल. मात्र तक्रार एकदा तथ्यहीन ठरली की त्या जागेबद्दल त्याच फिर्यादीची तक्रार पुन्हा घेत नाहीत. गार्डनाच्या नोंदीतही मग काही राहणार नाही.

“म्हणजे सीझर तसाच,” यमुताई म्हणाल्या.

“कोणता सीझर?” दुर्गेशने विचारलं. त्याच्या स्वरात खोच नव्हती. त्याच्या कागदात तसा कुत्रा नव्हता.

गणपतराव भिंतीवरचा सूचना फलक वाचत होते. पाठमोरेच म्हणाले, “तुम्हाले चालाले लागते, ताई. गुडघ्याचा इचार करा. तो तर म्हाताराच हाये.”

“जेवते का तो?”

“दोन दिवसांपासून नाई,” दुर्गेश म्हणाला.

मागच्या अंगणातल्या शेडमधून भुंकण्याचे आवाज येत होते. त्यात भुऱ्याचा नव्हता. तो घरीही फारसा भुंकत नसे.

यमुताईंनी कागद ओढून घेतला. या वेळी त्यांनी वरपासून खालपर्यंत, छापखान्याच्या नावासकट, सगळं वाचलं. शुद्धलेखन ठीक होतं, तारीख बरोबर होती. त्यांनी सही केली.

भुऱ्या शनिवारी घरी आला. रविवारी थंडी फार होती म्हणून गणपतराव आले नाहीत. सोमवारी यमुताई साडेसहालाच गार्डनात जाऊन पहिल्या वळणावर थांबल्या. पंचनाम्याची गोष्ट आठवडाभरात ले-आउटमध्ये घरोघरी झाली होती आणि लोकांनी तिच्यातून घ्यायचा तो धडा घेतला होता. शोभाताईंचं पांढरं पॉमेरेनियन, जे कधी कडेवरून खाली उतरलं नव्हतं, ते झुडपांमागे उकरत होतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचे दोन लॅब्रॅडोर फरशीवरून जोडीने दौडत होते. एकाच्याही गळ्यात काही नव्हतं. वॉचमन रुपराव पाटीखाली खुर्ची टाकून उन्हाची वाट बघत होता.

गणपतराव आले. दोन्ही हात स्वेटरच्या खिशात होते. भुऱ्या त्यांच्या चार पावलं पुढे, एकटाच, नाक जमिनीला लावून येत होता. मानेभोवती पट्ट्याच्या जागचे केस दबून पांढुरके पडले होते.

“साखळी देली नाई का त्यायनं परत?” यमुताईंनी विचारलं.

“देली नं. घरी हाये.” गणपतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. “बिल्लाही काढून ठेवला. बांधलेलंच सापडते, ताई.”



चालायला सुरुवात तर झाली. पण मोतीबिंदूचा कुत्रा साखळीच्या ओढीवर चालायला शिकलेला होता. ओढ गेल्यावर त्याला वळण कुठे आहे ते कळेना. तो सरळ हिरवळीत गेला, तिथून लॅब्रॅडोरांच्या वाटेत. गणपतराव त्याच्यामागे गेले. परत आले तोवर यमुताई वीस पावलं पुढे होत्या. त्यांनी गाठलं, एक वाक्य सुरू केलं, आणि भुऱ्या पुन्हा दिसेनासा झाला. दुसऱ्या फेरीत ते त्यांना दोनदा समोरून भेटले. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली, ओळखीच्या माणसाला रस्त्यात हलवतात तशी.

तिसऱ्या फेरीत पाय ओढला जाऊ लागला. यमुताईंनी कुंपणाची बाजू धरली. पलीकडच्या टोकाला सीझर काहीतरी तोंडात धरून सगळ्यांना दाखवत होता. त्याला बघून की वासाने, कोण जाणे, भुऱ्या दचकला आणि वळून धावत सुटला. अकरा वर्षांच्या कुत्र्याला एवढं धावता येतं हे कोणाला माहीत नव्हतं, त्यालाही नसावं. तो फरशीवरून थेट यमुताईंच्याच दिशेने येत होता आणि त्याच्या चांगल्या डोळ्याची बाजू दुसरीकडे होती.

यमुताईंनी कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि दुखरा पाय मागे घेतला.

लांबून गणपतराव धापा टाकत ओरडले, “काही करत नाई तो, ताई.”

भुऱ्या त्यांच्या पदराला घासून निघून गेला. मागोमाग गणपतरावही त्याला हाका मारत गेले. यमुताई जाळी धरून तशाच उभ्या राहिल्या.