पिवळ्या दोरापलीकडे

गुहा बरीच लांब असतानाच आसिमीनाने सवयीप्रमाणे इंजिन बंद केलं आणि वल्ही हातात घेतली. ऑक्टोबरात आलोनिसोस बेटाच्या या कड्याखाली सील माद्या वितात. गुहेच्या तोंडापासून पन्नासेक हातांवर पाण्यात पिवळा दोर ताणलेला असतो, त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. बावीस वर्षं ती पाहुण्यांना इथे आणत होती आणि दोराच्या अलीकडूनच परत नेत होती.

आज नावेत दोघंच होती. सालोनिका शहरातला दातांचा डॉक्टर स्तामातिस आणि त्याची बायको दानाई.

"एवढं लांब येऊन नुसते दगडच बघायचे का?" डॉक्टर म्हणाला.

"सील दिसली तर तिची मर्जी, डॉक्टर. आपण काही बाळंतिणीच्या खोलीत शिरत नाही."

"पोहायला तरी मुभा आहे ना?"

"दोराच्या या बाजूला. दहा मिनिटं. दक्षिणेचा वारा सुटायच्या आत मला निघायचंय."

तिने नांगर टाकला आणि डॉक्टर पाण्यात उतरला. नाव डोलायला लागली तशी दानाईला मळमळू लागलं. आसिमीनाने लिंबू कापून तिला चोखायला दिलं, ओला रुमाल मानेवर ठेवला. मान वर करून पाहिलं तर पाण्यात डॉक्टर नव्हता.

तेवढ्यात गुहेच्या तोंडातून एक मोठं करडं डोकं झपाट्याने बाहेर आलं आणि दोराखाली बुडी मारून दिसेनासं झालं. मादी अशी पळाली, म्हणजे आत माणूस होता. आणि पिल्लू एकटं होतं.

"अहो, इंजिन लावा, आणा त्याला बाहेर," दानाई म्हणाली.

"नाव आत मावत नाही. आणि आवाजाने पिल्लू पाण्यात पडेल, या लाटांत ते टिकायचं नाही." आसिमीनाने एक वल्हं तिच्या हातात दिलं. "नाव कड्याकडे सरकली तर हे खडकाला टेकवून रेटा. काही झालं तरी ओरडू नका."

"मला उभंसुद्धा राहवत नाहीये."

"बसून रेटा मग."

ती पाण्यात उतरली.

आत निळसर अंधार होता. अगदी मागे गोट्यांची एक अरुंद पट्टी होती आणि तिच्या एका टोकाला डॉक्टर भिंतीला चिकटून उभा होता, गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीतला फोन. त्याच्यापासून पाच पावलांवर काळं पिल्लू मांजरासारख्या आवाजात रडत होतं.

"एकच फोटो घ्यायचा होता," तो कुजबुजला. "निघायला गेलो तर पाण्यात काहीतरी मोठं फिरत होतं."

आसिमीनाच्या मागे जोरात फुस्कारा झाला. मादी परतली होती आणि आता ती गुहेच्या तोंडापाशी, बाहेरच्या वाटेवरच होती.

आसिमीनाने डॉक्टरला मनगट धरून बाजूच्या खडकाआड ओढलं. "भिंतीकडे तोंड करा. हलू नका."

"ती चावेल?"

"तुमच्या मुलाच्या खोलीत कुणी शिरलं तर तुम्ही काय कराल?"

तो भिंतीकडे वळला. वारा सुटला असावा. प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा वर चढत होती. पाणी कमरेला आलं. गोट्यांची पट्टी निम्मी उरली. बोटांखाली त्याची नाडी धडधडत होती, की स्वतःचीच, ते आसिमीनाला कळेना.

एक लाट थेट पट्टीवरून गेली आणि पिल्लाला घेऊन मागे सरली. डॉक्टर झेपावला. तिने त्याचं मनगट आवळलं. तिचाही दुसरा हात खडकावरून सुटून पुढे गेला होता. तो तिने मागे घेतला. पिल्लू एकदा दिसलं, मग दिसलं नाही.

मग मादी आली. तिने पाण्यात डोकं घातलं, थुंकणारं, धडपडणारं पिल्लू नाकाडाने वर ढकललं आणि पुन्हा घसरलं तेव्हा पुन्हा ढकललं. शेवटी ती त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये आडवी पडली.

"आता," आसिमीना पुटपुटली. दोघांनी भिंतीलगत बुडी मारली. गुहेच्या तोंडापाशी लाटेने डॉक्टरचा खांदा खडकावर आपटला, पण ते बाहेर पडले.

नांगर घसरून नाव कड्यापासून हातभर अंतरावर आली होती. दानाई गुडघ्यांवर बसून वल्ह्याने रेटत होती. तळवे सोलून निघाले होते. नवरा वर चढल्यावर तिने वल्हं आसिमीनाकडे दिलं. आसिमीनाने नांगर उचलला आणि दोर बराच मागे पडेपर्यंत वल्हवत राहिली.

"शेवटी कुणाला काही झालं नाही," बंदर दिसू लागल्यावर डॉक्टर म्हणाला. "सांगायलाच हवं का?"

"हवं. मादी पिल्लाला सोडून पुन्हा पळाली तर का पळाली हे अभयारण्याच्या रक्षकांना ठाऊक असायला हवं. आजपासून कड्यावरून कुणीतरी लक्ष ठेवेल."

"तुमचा परवाना जाईल."

"माझी नजर हटली होती, डॉक्टर. तेही सांगणार आहे."

"एवढासा फोटो..." तो बोलू लागला.

"स्तामातिस, पुरे," दानाई म्हणाली.

रक्षकांच्या कचेरीत आसिमीना बोलत होती तेव्हा दार उघडून डॉक्टर आत आला. खांद्याला पट्टी होती. शेजारच्या खुर्चीवर बसून त्याने आपला जबाब स्वतःच दिला. त्याला दंड झाला. तिला उरलेला हंगाम नाव काढायला मनाई झाली.

मग तिने नाव वाळूवर ओढून घेतली आणि रोज बुडाचं शेवाळ खरवडत बसली. डॉक्टरपेक्षा तिला स्वतःचाच राग येत होता. लिंबू कापायला लागतो किती वेळ, ते ती मनात मोजत राहायची. बाराव्या दिवशी रक्षकांतल्या एका मुलीचा फोन आला. कड्यावरून रोज पाहतोय, ती म्हणाली, मादी जाते, येते. आज तिच्या मागोमाग पिल्लूही पाण्यात उतरलं होतं.