फोटो साफ करून देणे

संस्थांना हवी तशी वेबसाईट बनवून देणं हा तिचा धंदा. 'हवी तशी' म्हणजे कशी, हे त्या वृद्धाश्रमाच्या संचालकांनी तिला शिकवलं. माणूस बोलायला इतका गोड, की तिने मनातल्या मनात त्याचं नाव साखरपेरे ठेवून टाकलं होतं.

फोटो काढायला ती स्वतः गेली. दारातच मुताचा भपकारा नाकात शिरला. गाद्या ओल्या, ताटांवर माशा, आणि कोपऱ्यातल्या खाटेवर एका म्हाताऱ्याचा हात कापडी पट्टीने दांडीला बांधलेला. तो ओरडत नव्हता की काही मागत नव्हता, नुसता कॅमेऱ्याकडे बघत होता. तरी तिने फोटो काढलाच, कारण खिडकीतून उजेड छान येत होता.

"तेवढं पट्टीचं बघा हं, ताई," साखरपेरे म्हणाले. "झोपेत पडतात हो, काळजीपोटी बांधावं लागतं. पण लोकांना उगाच भलतं वाटतं."

ताईंनी बघितलं. ऑफिसात बसून आधी पट्टी पुसली. मनगटावर लाल वळ उरला, तोही पुसला. मग गादीवरचा डाग, मग माशा, एकेक टिपून. ओठांचे कोपरे जरासे वर ओढल्यावर म्हातारा चक्क हसायला लागला. चहा पिता पिता झालं सगळं. शी! त्या चहाचा घोट तिच्या घशाखाली उतरला तरी कसा? वेबसाईट सुरू झाली आणि साखरपेरे बेहद्द खूश झाले.

पुढच्याच महिन्यात दादाचा फोन आला. "बाबांची वृद्धाश्रमात सोय झाली बघ. आणि गंमत म्हणजे, वेबसाईट तूच बनवलेली!"

"तिथे नको, दादा. जागा चांगली नाही."

"मग वेबसाईटवर लिहिलंयस ते काय खोटं? हे बघ, तू नेतेस का त्यांना तुझ्याकडे? नाही ना? उद्या सकाळी सोडतोय मी."

सकाळी ती धावतपळत दादाच्या घरी पोचली. बाबा दाढीबिढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत तयार बसले होते. दादा खाली गाडीत सामान भरत होता.

"आलीस? बस." त्यांनी तिचा हात हातात घेतला. "शेजाऱ्यांनाही दाखवली तुझी वेबसाईट. म्हटलं, लेकीने केलीय, म्हणजे सगळं पारखूनच केलं असणार. तो हसणारा म्हातारा आहे ना, त्याच्याशी गट्टी करणार मी."

तिला स्वतःचीच शिसारी आली. मोकळ्या हाताने तिने फोनमध्ये मूळ फोटो उघडला आणि त्यांच्यासमोर धरला.

बाबांनी चष्मा सारखा केला. "हा तोच ना?"

"हो."

"याचा हात बांधलाय."

"मी ते फोटोतून पुसलं, बाबा."

"फोटोचं राहू दे. त्याला सोडवलं का कुणी?"

"नाही."

"तू कुणाला सांगितलंस?"

तिने फोन खाली घेतला. खालून दादाने हॉर्न वाजवला.

बाबांनी तिच्या हातातून आपला हात काढून घेतला आणि इस्त्रीच्या शर्टाला पुसला.

"मी कुठेही जात नाही म्हणून सांग त्याला," ते म्हणाले. "आणि तूही जा आता."