चवीचा निकाल

व्यवस्थापकाने तिन्ही डब्यांना वर्तमानपत्र गुंडाळलं आणि वरून सुतळी आवळली. डबा कुणाचा ते कुणाला कळू नये, ही कल्पना त्याचीच. नव्या शाळेच्या स्वयंपाकघराचं काम कुणाला द्यायचं ते आज चवीवर ठरणार होतं, आणि ते मागणाऱ्यांत त्याची सख्खी वहिनी होती.

सफाईचं काम कुणाला ते सकाळीच ठरलं होतं. एका सफाई कंपनीच्या माणसांनी कोऱ्या फरशीवर यंत्र फिरवून दाखवलं, मुख्याध्यापिकाबाईंनी फरशीत आपला चेहरा पाहिला आणि मान डोलावली. पोटाचं काम असं झटपट ठरत नाही.

भाऊ गेल्यापासून वहिनी जुन्या शाळेत स्वयंपाक करत आली होती. त्याच कमाईवर तिने या दिराला वाढवलं, शिकवलं. तो अर्ध्या चड्डीत होता तेव्हाही ती त्याला ‘भाऊजी’च म्हणे, कान पिळतानासुद्धा ‘अहो’ सोडत नसे. आता जुनी शाळा बंद होणार होती. हे काम हुकलं तर या वयात तिला कुणी दारात उभं केलं नसतं, आणि दिराच्या पगारावर बसून खाणं तिला मरणाहून वाईट.

पण मागे चुलतभावाला शाळेत पहारेकरी लावलं, तर लोकांनी टोमणे मारून व्यवस्थापकाचा जीव नकोसा केला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा तर साधं पाणीही फुंकायला लागला होता.

मुख्याध्यापिकाबाई, विश्वस्तकाका आणि तो टेबलाशी बसले. तिन्ही डब्यांत डाळच होती. पहिल्यातली पाणचट. दुसऱ्यातली बरी, पण कुणीही केली असती अशी. तिसऱ्या डब्यातला चमचा तोंडात गेला आणि त्याला गलबलून आलं. तापातून उठल्यावर हीच डाळ त्याने वाटीभरून प्यायली होती. वहिनीचा हात त्याने झोपेतही ओळखला असता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे तर चोरीही झाली नव्हती, तरी त्याने घाईघाईने रुमालाने तोंड पुसलं.

“हिचं काय म्हणता?” बाईंनी विचारलं.

“मीठ चढलंय,” तो म्हणाला.

मीठ अगदी बेताचं होतं. बाईंनी काकांकडे पाहिलं. दोघांनी पुन्हा एकेक चमचा घेतला, आणि शेवटी दुसऱ्या डब्यावर बोट ठेवलं.

कागद निघाले. दुसरा डबा जेवण पुरवणाऱ्या एका कंपनीचा होता.

“तिसरा तुमच्या वहिनींचा?” काका चकित झाले. “आम्हा दोघांना खरं तर तोच आवडला होता.”

“मग?”

“मग काय! रोज इथे जेवणार तुम्ही. म्हटलं, तुम्हाला आवडलं पाहिजे. धरला तुमचा शब्द.”

त्याचे ओठ हलले.

“आता फिरवायला नको,” बाई हळूच म्हणाल्या. “नाव बघून फिरवलं म्हणतील. ते तुमच्यावरच येईल.”

तो सुतळीचे तुकडे गोळा करत राहिला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा वहिनी चुलीपाशी उभी होती. तिने वळून पाहिलं नाही.

“बाईंचा निरोप आला, भाऊजी. मीठ चढलं होतं म्हणे.”

“वहिनी...”

“तुम्ही माझी बाजू घेतली नाहीत ना?”

“नाही.”

“बरं केलंत. माझ्यापायी तुमच्या नोकरीवर बालंट नको.” तिने झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. “वाईट एवढंच वाटतं, की पोरं इतकी वर्षं मुकाट्याने खात होती बिचारी. कुणी सांगितलंच नाही हो मला. हात बिघडला तो कधी बिघडला, कळलंच नाही.”

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं. सांगितलं असतं तर तिचा हात तिला परत मिळाला असता. पण मग तिला हा दीर उरला नसता. त्याने तोंड मिटलं.

तिने वाटीत थोडी डाळ घेतली, पदराने वाटीचं बूड पुसलं आणि त्याच्यापुढे धरली.

“जरा चाखून बघता का? माझा आता भरवसा नाही राहिला.”

त्याने घोट घेतला. डाळ पार अळणी होती. तिने मीठ घातलंच नव्हतं.

“छान झालीय,” तो म्हणाला.