भूर्जाची साल

"अहो, थेंब अजून गळतोय."

जयप्रकाश टाय बांधता बांधता बाल्कनीत डोकावले. "झाड आहे ते, सिंधू. नळ नाही, प्लंबर बोलवायला."

एरवी मी हसले असते. पण तीन दिवस झाले होते. कुंडीतल्या त्या पांढऱ्या खोडाला मी केलेल्या जखमेतून पाणी ठिबकत होतं, आणि झाड माझं नव्हतं. शेजारच्या किकुची-सानचं होतं.

तोक्योतल्या ओजिमाच्या सरकारी वसाहतीत आम्ही तळमजल्यावर राहतो. दोन बाल्कन्यांमध्ये एक पातळ पत्रा, समोर दोघींच्या कुंड्या. किकुची-सान पंच्याहत्तरीच्या, एकट्या. त्यांची मुलगी हारुना दोन हजार अकराच्या त्सुनामीत गेली. गेली म्हणजे सापडलीच नाही. त्या सकाळी मायलेकींचं भांडण झालं होतं, आणि मुलगी कामाला निघाली तेव्हा आईने "इत्तेराश्शाई" म्हटलं नव्हतं. जाऊन ये, एवढाच त्याचा अर्थ. आपण नाही का, जाते म्हणू देत नाही, येते म्हण म्हणतो. तसंच.

गाव सोडून इकडे आल्यावर त्यांनी हे बर्चचं रोप लावलं. थंड मुलखातलं झाड, तोक्योच्या उन्हाळ्यात कसं तग धरणार? मातीवर वाळक्या पानांचा थर घालायच्या, कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळायच्या. आणि रोज सकाळी झाडाला "इत्तेराश्शाई", संध्याकाळी "ओकाएरी". आलीस, बरं झालं. सात वर्षं हे चाललं होतं.

फेब्रुवारीत हृदयाच्या दुखण्याने त्या हॉस्पिटलात गेल्या, तेव्हा झाड माझ्यावर सोपवलं. "शिंदू-सान, पाणी एखाद वेळ चुकलं तरी चालेल. शब्द चुकवू नका."

मी पाणी घातलं. शब्द म्हटले नाहीत. येणारे-जाणारे सायकलवाले बघतात, झाडाशी काय बोलायचं? लाज वाटली, खरं सांगते.

त्यात इथल्या भारतीय शाळेत आमच्या आर्याची दहावी. बाईसाहेब सकाळी कानात इयरफोन खुपसून दार ओढून घेणार. येते नाही, जाते नाही. काही विचारलं की "दाइजोबू, आई." सगळं ठीक आहे म्हणे. माझा जीव मात्र टांगणीला. एक दिवस पाणी घालताना खोडाची सुटलेली पापुद्र्यासारखी साल दिसली आणि डोक्यात आलं, अगं बाई, हे तर भूर्जपत्र. आमच्या माहेरी भूर्जपत्रावर नाव लिहून ताईत करायचे. देवघरात अष्टगंध होतं. लिहायला डाळिंबाची काडी कुठून आणू, म्हणून चॉपस्टिकने आर्याचं नाव लिहिलं आणि गुंडाळी तिच्या दप्तरात सरकवली. सुटलेला पापुद्रा घेतला असता तर काही बिघडलं नसतं. मला ऐसपैस तुकडा हवा होता. सुरी खोल गेली.

"मार्चमध्ये बर्चला सुरी लावतात का?" नर्सरीवाला म्हणाला. "पानं फुटायच्या आधी रस वर चढत असतो. चाखून बघा, गोडसर लागेल."

घरी येऊन मी बोट लावून चाखला. समुद्राच्या पाण्याइतका खारट होता.

आर्याच्या दप्तरातला ताईत काढला. वह्या कोरड्या ठणठणीत, साल तेवढी ओलीचिंब. नाव पुसलेलं. मग मला घरात बसवेना. तशीच फुनाबोरीला हॉस्पिटलात गेले.

"मी तुमच्या झाडाची साल कापली," मी मोडक्या जपानीत म्हटलं. "रस थांबत नाही. झाड जाईल. माझं चुकलं."

किकुची-सान रागावल्या नाहीत. खिडकीकडे बघत म्हणाल्या, "खारट लागतो ना?"

हे मी जयप्रकाशनाही सांगितलं नव्हतं.

"शब्द म्हणता ना रोज?"

"हो." माझं खोटं त्यांना लगेच कळलं असावं. त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

"ती दारात उभी आहे, शिंदू-सान. ओली. कुणी ओकाएरी म्हटल्याशिवाय आत कशी येईल?"

मी परत आले तेव्हा वसाहतीच्या भोंग्यावर पाचची धून वाजत होती. समोर एक माणूस सायकलला कुलूप लावत होता. मी कुंडीपुढे उभी राहिले आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "ओकाएरी." मग राहवलं नाही. "ये गं बाळा, आत ये," मराठीतच म्हटलं.

जखमेवर एक थेंब फुगला. पडला नाही. महिनाभर बंद असलेल्या किकुची-सानच्या घरात सरकतं दार उघडल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी बूट काढून ठेवले.

मी पत्र्यापलीकडे डोकावले नाही. माझी हिंमतच झाली नाही.

किकुची-सान त्याच संध्याकाळी पाचला गेल्या. त्यांचा भाचा सामान आवरायला आला, त्याने सांगितलं. त्याने कपाटावर पालिकेने उचलून न्यायच्या मोठ्या कचऱ्याचं स्टिकर लावलं, गादीवर लावलं आणि कुंडीवरही लावलं. मी ते नखाने हळूहळू सोडवलं. जयप्रकाशनी कुंडीला हात लावला आणि आम्ही ती आमच्या दाराशी, उत्तरेच्या सावलीत आणली. तिथे मुळांना गारवा असतो.

सोमवारी आर्याचा शेवटचा पेपर होता. बूट घालून बाहेर पडली, कुंडीपाशी थांबली. कानातले इयरफोन काढले.

"येते," म्हणाली.

कुणाला म्हणाली, ते मी विचारलं नाही. "इत्तेराश्शाई," मी म्हटलं, आणि ती स्टेशनच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत दारातच उभी राहिले.