पुढचं वाक्य

आठवणींचं पुस्तक छापून हाती आलं तेव्हाच प्रकाशकांनी पुष्पलताबाईंना बजावलं होतं, आता घरात बसून भागणार नाही. वाचनालयांत जा, महिला मंडळांत जा, लोकांसमोर दोन पानं वाचून दाखवा. बाईंना ते जमणारं नव्हतं. उभा जन्म शाळेच्या ऑफिसात खाली मान घालून काढलेला, माईक नुसता दिसला तरी घाम फुटायचा. म्हणून सून उन्नती जेव्हा म्हणाली की कुठं जायची गरज नाही, सगळं फोनवरून होतं, तेव्हा बाईंना देव पावल्यासारखं झालं.

उन्नती हुशार पोरगी, पण त्या हुशारीला लगाम म्हणून नाही. तिने सासूला गॅलरीत बसवलं, मागे तुळस दिसेल असं पाहिलं आणि पुस्तकातलं एक वाक्य वाचायला लावलं, "माझ्या जाऊबाईने मला दोन वर्षं स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही." बाई पुढचं वाक्य वाचायला गेल्या, तर हिने हात वर करून थांबवलं. पुढचं नंतर जोडायचं असेल, असं बाईंना वाटलं. ते कोणी जोडलं नाही.

व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. अनोळखी बायका आपापल्या जावांचे पाढे वाचू लागल्या, कोणी या जाऊबाईला कैदाशीण म्हटलं. पण ही जाऊबाई काही कागदावरची नव्हती. वच्छलाबाई काटोलला चांगल्या हयात होत्या आणि नातवाने दिलेला फोन दिवसभर हातात धरून असायच्या. पुष्पलताबाईंनी सुनेच्या हातापाया पडून व्हिडिओ काढून टाकायला लावला. उन्नतीने तो काढून टाकलाही, पण तोवर तो शंभर जणांनी पुढे पाठवलेला.

एवढी चर्चा पाहून प्रकाशक खुशीत आले आणि त्यांनी धंतोलीतल्या एका वाचनालयात कार्यक्रमच ठरवून टाकला. ज्या माईकपासून बाई पळत होत्या, तोच पुढ्यात येऊन उभा राहिला.

त्यांच्या घरात कोणत्याही कार्याला घरी जाऊन, कुंकू लावून बोलवायचं. त्याशिवाय केलेलं बोलावणं कोणी धरत नाही. कुंकवाचा करंडा पर्समध्ये ठेवून बाई दोनदा काटोलला निघाल्या आणि दोन्ही वेळा बसस्टॅन्डवरून परत आल्या. कोणत्या तोंडाने जायचं? शेवटी त्यांनी पत्रिका फोनवरच पाठवली. खुणा निळ्या झाल्या, म्हणजे तिकडे ती पाहिली गेली. उत्तर काही आलं नाही. चिडलेल्या माणसाचे निदान दोन शब्द तरी येतात, म्हणून बाईंना त्या गप्प बसण्याचीच जास्त धास्ती वाटू लागली.

कार्यक्रमाला खुर्च्या कमी पडल्या. व्हिडिओ पाहून लोक आले होते. उन्नती हरखून इकडून तिकडे फिरत होती आणि बाई मंचावर बसून एकसारख्या दाराकडे पाहत होत्या. तेवढ्यात दारातून वच्छलाबाई आल्या. इस्त्रीचं पातळ, हातात पिशवी. कोणाकडे न पाहता त्या थेट मंचापुढे येऊन उभ्या राहिल्या. कोणीतरी खुर्ची पुढे केली.

"मले कुंकू लावून बोलावलं नाही, म्हणून मी बसत नाही," वच्छलाबाई शांतपणे म्हणाल्या. "पुष्पे, त्याच्या पुढं काय लिवलं, तेवढं वाच."

पुष्पलताबाईंनी पान काढलं. त्या वाचू लागल्या.

"कारण माझं पहिलं बाळ गेलं होतं. ती म्हणायची, तू आधी उभी राह्य, भाकरीचं मी पाहून घेईन."

वच्छलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"हे काहून नाही दाखवलं वं लोकायले?"

कोपऱ्यातून उन्नतीच बोलली, मान खाली घालून.

"मोठ्या आई, लोक अर्ध्या मिनिटाच्या पुढं थांबत नाही."

"मी दोन वर्षं थांबली ना बाई," वच्छलाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणूनच पुष्पलताबाईंना तो सोसवला नाही.

त्या मंचावरून खाली उतरल्या. पर्समध्ये करंडा तसाच पडला होता. तो उघडून त्यांनी जाऊबाईंना कुंकू लावलं, पण घाईत ते कपाळावर कमी आणि नाकावर जास्त सांडलं. ते न पुसता वच्छलाबाई खुर्चीवर बसल्या.