वरमायेसाठी लाल गालिचा

"माझा मंडप आन माझा शब्द, दोन्ही कवा पडत न्हाईत!" शिडीवरून गाठ आवळत आप्पासो गरजला आणि त्याच दमात शिडीसकट खाली आला. मंडप मात्र जागच्या जागी होता, म्हणून त्यानं स्वतःचं पडणं मनावर घेतलं नाही.

त्याची बायको शालूबाई खुर्च्या पुसत होती. "आवं, त्या वाळूच्या उंचवट्यावर स्टेज नगा घालू. आपलं कुत्रंबी तिकडं फिरकत न्हाई."

"कुत्र्याला स्टेजातलं काय कळतंय?"

मिसरूड फुटल्यापासून आप्पासोनं पलूसपासून शिरवळपर्यंत लोकांच्या लग्नाचे मंडप घातले आणि जेवला कायम शेवटच्या पंगतीला, आमटीचं पाणी झाल्यावर. आता कृष्णाकाठच्या आपल्या तुकड्यात त्याला स्वतःचं मंगल कार्यालय बांधायचं होतं, तसा त्यानं शालूबाईला शब्दच दिला होता. 'शालू मंगल कार्यालय' अशी पाटीसुद्धा रंगवून झाली होती. अडचण एकच. नकाशात नदीकाठ हिरवा होता, म्हणजे बांधकाम बंद. तो पिवळा व्हायचा, तर सरकारी समितीनं येऊन 'इथं नदीतल्या जिवांचं काही बिघडत नाही' असं म्हणायला हवं होतं. ती समिती आज येणार होती.

म्हणून तर हा थाट! त्याच उंचवट्यावर झालरीचं स्टेज, समोर नवरा-नवरीचा सोफा, आणि साहेबलोकांच्या पायाला चिखल लागू नये म्हणून स्टेजपासून थेट पाण्यापर्यंत लाल गालिचा.

समिती आली. राजेश्वरी मॅडम, दोन कारकून आणि एक वनरक्षक. फेटे बांधून झाले, नारळ देऊन झाले. सोफ्यावर टेकत मॅडमनी विचारलं, "इथं मगरी येतात का?"

"मगर? मॅडम, मगर बघायची तर आमाला टीव्ही लावाय लागतोय! धनाजी, हाण गड्या!"

स्टेजशेजारी उभ्या हलगीवाल्या धनाजीनं हलगी कडाडवली. स्टेजखालून आवाज आला, "क्यॅव! क्यॅव!" हलगी थांबली, आवाज थांबला. हलगी वाजली, आवाज दुप्पट झाला.

"तुझी हलगी व्यायली का काय रं?" शालूबाई म्हणाली.

"बेडकं हायत, मॅडम," आप्पासो घाईनं म्हणाला.

झालरीखालून वीतभर बेडूक बाहेर आलं. त्याला शेपूट होतं. दातही होते.

"हे बेडूक?"

"...सरडा आसंल."

सरडा मॅडमच्या चपलेवर चढला. मॅडम सोफ्यावर चढल्या. त्यांच्यामागं कारकूनही चढले. तेवढ्यात पाण्याकडून गालिच्याला सुरकुती पडली आणि चांगली सहा हात मगर, डावीउजवीकडं न बघता, गालिच्याच्या बरोबर मधून चालत वर आली.

"कुणी हलू नका!" असं वनरक्षक बाभळीवरून म्हणाला.

"घ्या," शालूबाईनं तोंडाला पदर लावला. "वरमाय आली."

मगर झालरीपाशी येऊन थांबली. आप्पासो एक पाऊल मागं सरला. पण वरमायेची वाट अडली की मंडपवाल्यानं काय करायचं, हे त्याच्या हातांना पाठ होतं. त्यानं झालर वर खोचली, दोन फळ्या ओढून काढल्या, बाजूला झाला आणि हात जोडले.

"या."

चिवचिवणारी पिल्लं ती एकेक करून जबड्यात घेऊ लागली, अगदी बाळंतिणीच्या हलक्या हातानं. सगळे बघत राहिले. धनाजीला हलगी खाली ठेवायचीसुद्धा शुद्ध नव्हती.

"आप्पासो," सोफ्यावर उभ्या मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ही जागा पिवळी होणार नाही."

"न्हाईच व्हायची. दिसतंय की मला."

"आन पाटी?" शालूबाईनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे. तुझ्या नावाची हाय. चुलीच्या वर भिंतीला लावू. शब्द पडला गं माझा."

"मंडप हाय की उभा," शालूबाई म्हणाली.

तोंडात लेकरं घेऊन मगर वळली. वळताना तिचं शेपूट कोपऱ्यातल्या खांबाला लागलं.

मंडप समितीसकट खाली आला.